बारा वर्षांनी पुन्हा मुसल्ल्यावर, म्हणजे नमाजच्या आसनावर, उभे राहायचे आहे. सुरुवात कुठून करावी?

उद्यमनगरी

सर्वांना सलाम आणि नमस्कार.

मी कोल्हापूरचा असून शिवाजी उद्यमनगरात माझे लेथकामाचे छोटे वर्कशॉप आहे. वय ३७. आमचे घर नमाजी होते. वडील पहाटे मला उठवून हाताला धरून मशिदीत नेत, आणि मकतबात (मोहल्ल्यातील कुराणशाळेत) माझे कुराण वाचून पूर्ण झाले तेव्हा अम्मीने गल्लीभर पेढे वाटले होते. पुढे पंचविशीत एका फाउंड्रीत रात्रपाळी सुरू झाली. आधी फजर (पहाटेची नमाज) सुटली, मग एकेक करत बाकीच्या नमाजा सुटल्या, आणि तीनेक वर्षे मी जुम्म्यापुरता आणि ईदेपुरता उरलो. रमजानचे रोजेही त्या वर्षांत ठेवले नाहीत. मात्र त्या तीन वर्षांत अल्लाहवरचा विश्वास ढळला नव्हता. होता तो आळस आणि दमलेले अंग.

त्यानंतरची नऊ वर्षे निराळी होती. धाकटी बहीण दीर्घ आजारात गेली. तिच्यासाठी रात्र रात्र जागून मागितलेली दुआ कोणी ऐकलीच नाही असे मनाने घेतले, आणि त्या रागातून मी चार लोकांत उघड म्हणू लागलो की मी आता काही मानत नाही. त्याच सुमारास पुरोगामी मित्र भेटले, वाचन वाढले. हमीद दलवाई यांनी १९७० साली पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ स्थापन केले, त्या परंपरेतील विचार मी वाचले. तोंडी तलाकाविरुद्धचे त्यांचे म्हणणे मला आजही पटते, त्यामुळे माझ्या दुराव्याचे खापर मी त्या वाचनावर फोडणार नाही. दुरावा माझ्या दुःखातून आला होता, पुस्तकांनी त्याला फक्त शब्द दिले. एकदा तर तालमीच्या कट्ट्यावर भरल्या घोळक्यात मी माझ्या मकतबच्या उस्तादांना, ते समोरून जात असताना, ढोंगी म्हटले. ते ऐकून थांबले आणि काही न बोलता पुढे गेले.

गेल्या महिन्यातली गोष्ट. संध्याकाळी घरी येऊन मी मोरीत हाताला लागलेले ग्रीस साबणाने काढत होतो आणि माझी सात वर्षांची मुलगी बाहेर बसून मकतबचा सबक पाठ करत होती. सूरह माऊन (कुराणाचा एक छोटा अध्याय) चालली होती. 'फवैलुल लिल्मुसल्लीन' येथे ती अडली आणि तेच पुन्हा पुन्हा म्हणू लागली. आमचे उस्ताद त्या आयतीवर कधी थांबू देत नसत, कारण तेवढ्यावरच थांबले तर 'नमाज पढणाऱ्यांचा नाश असो' एवढाच अर्थ हाती राहतो. कोणत्या नमाजींचा, ते पुढच्या आयतीत येते. माझ्या तोंडून आपोआप निघून गेले, 'अल्लजीन हुम अन सलातिहिम साहून.' म्हणजे, जे आपल्या नमाजविषयी गाफील आहेत त्यांचा. मुलीने लगेच पुढचा सबक धरला. मी मात्र साबणाचे हात तसेच घेऊन नळ चालू ठेवून उभा राहिलो. बारा वर्षांत मी ती सूरह एकदाही म्हटली नव्हती.

तेव्हापासून परत येण्याची इच्छा मनातून जात नाही. माझे प्रश्न असे आहेत. त्या नऊ वर्षांत मी जे बोललो त्याने मी इस्लामबाहेर गेलो होतो काय, आणि गेलो असेन तर मशिदीत लोकांसमोर कलमा (ईमानाचे वचन) पढावा लागतो काय? सुटलेल्या नमाजा कोणत्या हिशेबाने फेडायच्या? माझे लग्न याच काळात झाले. काजीसाहेबांनी कलमा पढवला तो मी पढलो, पण मन त्यात नव्हते, तेव्हा त्या निकाहचे काय? एका परिचितांनी सांगितले की आधी मोहरमच्या पंजांना खांदा देणे आणि बाबूजमाल दर्ग्याला जाणे कायमचे बंद करा, तरच परत येण्याला अर्थ आहे. मला तिथे दादी दर गुरुवारी घेऊन जात असे. आणि सर्वांत जड प्रश्न हा की माझ्या शंका अजून मिटलेल्या नाहीत, बहिणीचा विषय निघाला की राग उफाळतोच. अशा मनाने सजदा करणे हे ढोंग ठरणार नाही काय? जो शब्द मी उस्तादांना लावला तो आता मलाच लागेल, ही भीती मला मुसल्ल्यापर्यंत जाऊ देत नाही.

जुना बोर्डर

वालेकुम सलाम. मी निवृत्त शिक्षक असून विद्यार्थिदशेत दसरा चौकातल्या मुस्लिम बोर्डिंगमध्ये राहिलो आहे. मी मुफ्ती (धर्मशास्त्रावर निर्णय देणारा) नाही, त्यामुळे निकाहच्या प्रश्नावर मत देणार नाही. तो प्रश्न जाणत्या मुफ्तींसमोर, एकांतात आणि काहीही न लपवता मांडा. बाकीच्या गोष्टींवर वाचून आणि आयुष्य पाहून जे कळले ते लिहितो.

तुमचा शेवटचा प्रश्न मी आधी घेतो, कारण तो सुटल्याशिवाय बाकीचे सगळे हिशेब कोरडे राहतील. मुनाफिक म्हणजे ज्याच्या मनात इन्कार असतो आणि जो स्वार्थासाठी ओठांवर ईमान मिरवतो. तुमची स्थिती नेमकी उलट आहे. तुमच्या मनात ओढ आहे आणि तुम्ही शंका लपवण्याऐवजी त्यांच्याने व्याकूळ झालेले आहात. सहीह मुस्लिम या संग्रहात हदीस (पैगंबरसाहेबांच्या वचनांची नोंद) आहे की काही सहाबी (त्यांचे सोबती) पैगंबरसाहेबांकडे आले आणि म्हणाले, आमच्या मनात असे विचार येतात की ते तोंडाने उच्चारणेही आम्हाला भयंकर वाटते. त्यावर पैगंबरसाहेबांनी उत्तर दिले की हेच तर स्पष्ट ईमान आहे. ज्याला चोरीची धास्ती वाटते त्याच्या घरात काहीतरी मोलाचे असते, एवढे लक्षात ठेवा.

इमाम गजालींचे उदाहरण मला नेहमी धीर देत आले आहे. एवढा मोठा आलिम (धर्मपंडित), पण एका काळात त्यांचा डोळ्या-कानांवरचा आणि बुद्धीवरचाही विश्वास उडाला. ही अवस्था सुमारे दोन महिने टिकली आणि तिच्यातून सुटका कोणत्याही युक्तिवादाने झाली नाही, अल्लाहने छातीत टाकलेल्या प्रकाशाने झाली, असे त्यांनी स्वतःच लिहून ठेवले आहे. पुढे १०९५ साली त्यांनी बगदादच्या निजामिया मदरशातले मानाचे पद सोडले ते याच कारणाने, की शिकवणे चालू होते पण नियत स्वच्छ आहे की नाही याची त्यांना खात्री वाटेना. शंका संपल्यावर नमाज, असा क्रम धरलात तर तो दिवस कदाचित उगवणारच नाही. नमाज पढत पढत शंकांशी बोला.

बहिणीविषयी. पैगंबरसाहेबांच्या सात अपत्यांपैकी सहा त्यांच्या हयातीतच गेली; मागे राहिल्या त्या एकट्या हजरत फातिमा. तान्हा मुलगा इब्राहीम त्यांच्या मांडीवर शेवटचे श्वास घेत होता तेव्हा त्यांचे डोळे वाहू लागले, आणि पाहणाऱ्यांना आश्चर्य वाटले तेव्हा ते म्हणाले की डोळे अश्रू ढाळतात, हृदय दुःखी होते, आणि आम्ही मात्र तेच बोलतो जे आमच्या पालनकर्त्याला आवडते. हजरत याकूब तर मुलाच्या विरहात रडून रडून दृष्टी गमावून बसले, हे कुराणातच आहे. तेव्हा दुःख होणे हा ईमानाचा दोष नव्हे. दुआ ऐकली गेली नाही असे वाटले तेव्हा तुम्ही अबोला धरलात. अबोला धरावासा वाटतो तो ज्याला आपण आपला मानतो त्याच्याशीच.

कलम्यासाठी सोहळा लागत नाही. अंघोळ करा, अर्थ मनात आणून कलमा पढा, जे बोललात त्याचा पश्चात्ताप करा. याला गवाह लागत नाहीत आणि मशिदीचे आवारही लागत नाही. आपण इस्लामबाहेर गेलो होतो की नाही याचा कीस काढत बसण्यापेक्षा ईमान ताजे करून घेणे सोपे आहे आणि त्यात नुकसान काही नाही. सूरह जुमरची ५३ वी आयत वाचा. स्वतःच्या जिवावर अत्याचार केलेल्या दासांना तिथे अल्लाह 'माझ्या दासांनो' अशीच हाक मारतो आणि मग म्हणतो की माझ्या कृपेपासून निराश होऊ नका. इतिहासात तर तुमच्यापेक्षा कितीतरी लांब गेलेली माणसे परतली आहेत. अब्दुल्लाह इब्न साद हे वहीचे, म्हणजे पैगंबरसाहेबांवर उतरणाऱ्या ईशवाणीचे, लेखक असून इस्लाम सोडून मक्केला निघून गेले. ६३० साली मक्का जिंकली गेली तेव्हा हजरत उस्मान यांच्या रदबदलीने परत आले आणि पुढे इजिप्तचे सुभेदार झाले. तुलैहाने तर स्वतःच पैगंबर असल्याचा दावा करून मुसलमानांशी युद्ध केले होते. तोही परतला, आणि पुढे नहावंदच्या लढाईत मुसलमानांच्या बाजूने लढताना मारला गेला.

पंजे आणि दर्गा याविषयी तुमच्या परिचितांनी तळमळीने सांगितले असेल, पण त्यांनी दारातच जकातनाका उभा केला आहे. कबरीवर जाऊन मृताला सलाम करणे आणि त्याच्यासाठी दुआ करणे जायज आहे, यावर आपल्याकडचे बहुतेक आलिम एकमताचे आहेत. कबरीतल्या वलीकडे (संतपुरुषाकडे) मागणे मागावे काय, यावर देवबंदी आणि बरेलवी या आपल्याकडच्या दोन विचारधारांच्या आलिमांत मोठा मतभेद आहे. तो मतभेद तुम्ही सावकाश अभ्यासा. आज तुमच्यावर जे फर्ज (बंधनकारक) आहे त्यावर सर्वांचे एकमत आहे, आणि ती नमाज आहे. शिवाय बाबूजमाल दर्ग्याच्या प्रवेशद्वारावर गणपती कोरलेला आहे आणि मोहरमात पंजांना खांदा देणाऱ्यांत किती हिंदू तालमींची पोरे असतात, हे कोल्हापूरच्या माणसाला सांगायला नको. त्या रस्त्यावर तुमच्या दादीची पावले उमटलेली आहेत. घाईघाईत काही तोडू नका.

एक विनंती आहे. तुम्ही लहानपणी कुराण वाचलेत ते अरबीत, अर्थ न कळता. आता ते मराठीत वाचा. आमचे बोर्डिंग १९०६ साली शाहू महाराजांच्या पुढाकाराने उभे राहिले, आणि कुराण मराठीत यावे म्हणूनही महाराजांनी पैसा दिला होता. ज्या गावात हे घडले त्या गावच्या माणसाला अर्थाविना राहण्याचे कारण नाही. सुरुवात सूरह दुहापासून करा. वही येणे काही काळ थांबले होते आणि पैगंबरसाहेबांचे मन खचले होते, तेव्हा ती उतरली. अकराच आयती आहेत, आणि तिसऱ्या आयतीत सांगितले आहे की तुझ्या पालनकर्त्याने तुला सोडलेले नाही आणि तो नाराजही झालेला नाही.

गंगावेशचा वाचक

सलाम. मी स्वतः सहा वर्षांच्या नमाजा फेडत आहे, त्यामुळे कजाचा, म्हणजे सुटलेली नमाज नंतर फेडण्याचा, हिशेब अनुभवावरून सांगतो. कोल्हापूर भागातील बहुतेक मुसलमानांप्रमाणे आपणही हनफी (सुन्नींच्या चार मजहबांपैकी, म्हणजे धर्मशास्त्राच्या परंपरांपैकी, एक) असाल असे धरून लिहीत आहे.

आपल्या बारा वर्षांचे दोन भाग पाडावे लागतील. पहिल्या तीन वर्षांत विश्वास कायम होता आणि नमाज आळसाने सुटली. हनफी, शाफई आणि मालिकी मतानुसार आळसाने नमाज सोडणारा मोठा गुन्हेगार ठरतो, पण इस्लामबाहेर जात नाही. त्यामुळे त्या नमाजांची कजा आपल्यावर आहे. नंतरच्या नऊ वर्षांत आपण खरोखर इन्कार केलेला असेल, तर हनफी मतानुसार त्या काळातील नमाजांची कजा नाही, मात्र त्याआधी मुसलमान असताना ज्या सुटल्या त्यांचे कर्ज परतल्यावरही डोक्यावर राहते. आपले बोलणे इन्कार ठरते की दुःखाच्या भरातले बरळणे, हे मुफ्तीच ठरवतील.

तीन वर्षांचा हिशेब धरू. कजा फर्जची असते, सुन्नतची नसते, आणि हनफींकडे वित्र (इशानंतरची नमाज) वाजिब, म्हणजे फर्जच्या खालोखाल आवश्यक, असल्याने तीही धरावी लागते. फजरच्या दोन रकात (नमाजची आवर्तने), जुहरच्या (दुपारच्या) चार, असरच्या (तिसऱ्या प्रहरच्या) चार, मगरिबच्या (सूर्यास्तानंतरच्या) तीन, इशाच्या (रात्रीच्या) चार आणि वित्रच्या तीन, मिळून एका दिवसाच्या २० रकात होतात. तीन वर्षांचे १,०९५ दिवस म्हणजे ६,५७० नमाजा आणि २१,९०० रकात. जितके जुम्मे जमातीने पढल्याची खात्री आहे तितक्या जुहर यातून वजा होतील. आकडा पाहून छातीत धस्स होईल, मलाही झाले होते. पण रोजच्या प्रत्येक नमाजबरोबर तीच एक कजा पढलात, इशानंतर वित्रचीही धरलीत, तर तीन वर्षांत कर्ज फिटते आणि दिवसाला साधारण अर्धा-पाऊण तासच जास्त जातो.

कजा कोणत्याही वेळी पढता येते; सूर्य उगवताना, डोक्यावर असताना आणि मावळताना तेवढी पढू नये. सुटलेल्या नमाजा पाचाहून अधिक झाल्या की हनफींकडे त्या क्रमानेच फेडण्याचे बंधन राहत नाही. तारखा आठवत नसतात, म्हणून नियत अशी करतात की माझ्यावर बाकी असलेल्या फजरांपैकी सर्वांत पहिली फजर मी पढत आहे. ती झाली की पुढची आपोआप पहिली ठरते. मी दुकानाच्या जुन्या रोजमेळात सहा रकाने आखले आहेत आणि पढल्यावर त्यात खूण करतो. चार वर्षांच्या खुणा झाल्या आहेत. पहिल्या पानावरच्या खुणा जोर देऊन केलेल्या, कागद फाटेल अशा आहेत. अलीकडच्या पानांवर त्या साध्या टिंबांसारख्या झाल्या आहेत. वही उलटून पाहताना हा फरक मला समाधान देतो.

रोजांविषयी थोडक्यात. जे रोजे ठेवलेच नाहीत त्यांची केवळ कजा आहे. सलग ६० रोजांचा कफ्फारा (प्रायश्चित्त) हनफींकडे तेव्हा येतो, जेव्हा नियत करून धरलेला रमजानचा रोजा विनाकारण, जाणूनबुजून खाऊन-पिऊन मोडला जातो. तीन रमजानांचे ९० च्या आत-बाहेर रोजे होतील. हिवाळ्यात दिवस लहान असतात तेव्हा सोमवार-गुरुवारी धरत गेलात तर जड जाणार नाहीत. त्या तीन वर्षांत वर्षभर निसाबाइतकी (जकात लागू होण्याच्या मर्यादेइतकी), म्हणजे ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीइतकी शिल्लक राहत असेल, तर अडीच टक्क्यांनी जकातही काढावी लागेल.

जाणूनबुजून सोडलेल्या नमाजांची कजा होतच नाही, त्याऐवजी तौबा करून नफील (ऐच्छिक) नमाजा वाढवाव्यात, असे इब्न हज्म आणि इब्न तैमिया यांचे मत आहे, हेही सांगणे माझे कर्तव्य आहे. पण चारही मजहबांतील बहुसंख्य आलिम कजाच्या बाजूचे आहेत, आणि मला स्वतःला ते कर्ज मोजून फेडण्यात मनाची शांती मिळाली. हिशेब आधी पक्का करून मग सुरुवात करू, असे मात्र कृपया म्हणू नका. मी त्या नादात एक अख्खे वर्ष घालवले. आज जी नमाजची वेळ पुढे येईल ती आधी पढा.

रत्नागिरीची लेक

माझे माहेर रत्नागिरीकडचे आणि सासर कोल्हापूरचे. आम्ही कोकणी मुसलमान शाफई आहोत, त्यामुळे वरील उत्तरात एक भर घालते. शाफई मतानुसार दीन सोडलेल्या काळातील नमाजांचीही कजा करावी लागते, आणि विनाकारण सोडलेली नमाज शक्य तितक्या लवकर फेडावी असा आग्रह आहे. ज्यांचे घर शाफई आहे त्यांनी हनफी हिशेब लावून मोकळे होऊ नये, म्हणून लिहिले. एखादी बहीण हे वाचत असेल तर तिच्यासाठी आणखी एक गोष्ट: मासिक पाळीच्या दिवसांतील नमाजांची कजा नसते, रोजांची असते. हजरत आयेशा यांनी हे स्पष्ट सांगितले आहे. मी स्वतः सुरुवातीला हे दिवस वजा न करताच आकडा काढला आणि विनाकारण घाबरून बसले होते.

मी आठ वर्षे दूर होते. मी कोणाशी वाद घातला नाही की काही जाहीर केले नाही. सासरी आल्यावर सगळ्यांसमोर डोक्यावर ओढणी घेऊन मुसल्ल्यावर बसायची, पण ओठ हलत नसत. मुसल्ला गुंडाळून ठेवताना आपण सासूबाईंना फसवत आहोत हे कळत असे. म्हणून 'ढोंग' या शब्दाविषयी मला काही सांगण्याचा हक्क आहे असे वाटते. ढोंग मी केले आहे. विश्वास नसताना, दुसऱ्याने पाहावे म्हणून केलेली ती हालचाल होती. तुम्ही जे करू पाहत आहात ते कोणी पाहू नये असे तुम्हाला वाटते आहे, यातच त्याचे उत्तर आहे.

माझे परतणे कोणालाच दिसले नाही. आमच्या भागातील मशिदीत बायकांसाठी जागा नाही, त्यामुळे जे काही झाले ते स्वयंपाकघराशेजारच्या खोलीत झाले. एका दुपारी घरात कोणी नसताना वुजू (नमाजआधी हात-तोंड-पाय धुणे) करायला बसले आणि पाय आधी की डोक्यावरचा मसह (ओला हात फिरवणे) आधी हेच आठवेना. आठ वर्षे रोज दिखाव्याचा वुजू करणाऱ्या बाईला क्रम आठवू नये, याची इतकी लाज वाटली की मी नळाजवळच रडत बसले. मग मोबाईलवर शोधायचे सोडून सासूबाईंना फोन केला आणि खरे ते सांगितले. त्या बाजारात होत्या. त्यांनी 'का' असे विचारले नाही. 'आधी डोक्याचा मसह, मग पाय, आणि उजवा पाय पहिला,' एवढे सांगून म्हणाल्या, 'घाई करू नकोस, जुहरला अजून वेळ आहे.' त्या दिवसानंतर आजपर्यंत त्यांनी तो विषय काढलेला नाही.

मोहल्ल्यातील लोकांना सगळी कहाणी सांगण्याची गरज नाही. आपल्याकडे माणसापुढे गुन्ह्यांची कबुली देण्याची पद्धत नाही. उलट अल्लाहने ज्यावर पडदा टाकला ते स्वतः उघडे करू नये, अशीच शिकवण आहे. पण ज्या माणसाचे मन दुखावले त्याचा हक्क अल्लाहही त्याच्या वतीने परस्पर माफ करून टाकत नाही, असे आलिम सांगतात. तुमच्या उस्तादांकडे तुम्हाला जावे लागेल. आणि जे चार लोकांत बोललात ते चार लोकांतच मागे घ्यावे लागेल, असे मला वाटते.

अजून बाहेरच

मी मुस्लिम घरात जन्मलो, आता मानत नाही, आणि परतण्याचा विचारही नाही. तरीही लिहितो, कारण प्रश्न विचारणाऱ्यांच्या प्रामाणिकपणाने मला थांबवले. मला एवढेच सुचवायचे आहे की भीतीपोटी किंवा नातेवाइकांच्या दबावापोटी परत जाऊ नका आणि मित्रांच्या लाजेपोटी बाहेरही राहू नका. तुमच्या लिहिण्यात मला दबाव दिसत नाही. जे पुरोगामी मित्र आहेत ते खरे असतील तर तुमच्या नमाजमुळे तुटणार नाहीत. माझ्या घरी नमाजी पाहुणे आले की मी स्वतः त्यांना पश्चिम कोणत्या बाजूला हे दाखवतो आणि स्वच्छ चादर देतो. तोंडी तलाकाविषयी तुमचे जे मत आहे तेही सोडू नका. दीनाच्या आत उभे राहून ते बोलणाऱ्या माणसांची आपल्या समाजाला गरज आहे.

उद्यमनगरी

सर्वांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहीत आहे, कारण काहीतरी करून मगच लिहावे असे ठरवले होते.

सूरह दुहा मराठीत वाचली. तिसऱ्या आयतीनंतर बराच वेळ पुढे जाता आले नाही. त्या रात्री अंघोळ करून कलमा पढलो आणि इशाची नमाज घरीच पढलो. शंका आहेत. दुसऱ्या रकातीत बहीण आठवली, आणि सजद्यात मी तिच्यासाठी मागण्याऐवजी तक्रारच केली. पण जुना बोर्डर यांनी अबोल्याविषयी जे लिहिले त्यामुळे ती तक्रार करताना मला अपराधी वाटले नाही.

उस्तादांकडे मी आणि तालमीतले त्या दिवशीचे तीन मित्र असे चौघे गेलो. त्या तिघांना मी मुद्दाम बोलावून घेतले होते, त्यांतील दोघे हिंदू आहेत. उस्तादांना आता नीट ऐकू येत नाही. मी हात जोडून माफी मागितली तेव्हा त्यांनी कान पुढे केला, म्हणून मला तेच वाक्य जवळजवळ ओरडून म्हणावे लागले आणि शेजारच्या घरातली माणसेही दारात आली. जे भरल्या घोळक्यात बोललो होतो ते त्याहून मोठ्या आवाजात परत घ्यावे लागले. उस्तादांनी माझा हात हातात घेऊन विचारले, 'तुझी लेक कुठपर्यंत आली?' मी सांगितले, माऊनपर्यंत. 'मग आता कौसर. लहान आहे, लवकर होईल,' असे म्हणून त्यांनी सगळ्यांना चहा आणायला सांगितला.

कजाची वही केली आहे. वर्कशॉपमध्ये जॉबकार्डचे कोरे गठ्ठे पडलेले असतात, त्यातलाच एक घेतला.

निकाहविषयी मुफ्तीसाहेबांना भेटलो. त्यांनी माझे तेव्हाचे शब्द जसेच्या तसे विचारून घेतले आणि सांगितले की खबरदारी म्हणून निकाह पुन्हा पढून घ्यावा. मुलीच्या नसबाविषयी, म्हणजे ती आपली औरस लेक असण्याविषयी, तिळमात्र शंका मनात आणू नये. हे बायकोला कसे सांगावे यातच माझे चार दिवस गेले. तिला वाटेल की नऊ वर्षे आपण कोणाबरोबर राहिलो. या बाबतीत कोणी काही सुचवू शकेल काय?

जुना बोर्डर

तुमच्या उस्तादांना माझाही सलाम सांगा.

बायकोला आधी कारण सांगा, निकाहचा विषय नंतर काढा. तुम्ही इथे जसे बहिणीपासून सुरू केलेत तसेच तिथेही करा. ज्या घरात ती सून म्हणून आली त्या घरातले ते दुःख तिने जवळून पाहिलेले असणार. निकाह पुन्हा पढणे सोपे आहे. घरातच, दोन मुसलमान गवाहांसमोर इजाब-कबूल (प्रस्ताव आणि स्वीकार) होते. मंडप नाही, वरात नाही, खुतबा (प्रवचन) सुन्नत आहे पण त्याशिवायही निकाह होतो. नवा महर (नवऱ्याने बायकोला द्यायची रक्कम किंवा वस्तू) मात्र ठरवावा. हनफींकडे तो किमान दहा दिरहम, म्हणजे सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी किंवा तिची किंमत असतो. त्याहून कमी ठरवू नका, आणि जो ठरेल तो त्याच बैठकीत तिच्या हातात द्या, उधार ठेवू नका. गवाह म्हणून तिच्या माहेरचे कोणी असेल तर तिला आधार वाटेल.

उद्यमनगरी

काल रात्री तिला सांगितले. ती बराच वेळ गप्प बसली आणि मग म्हणाली की तिला पहिल्या वर्षापासून माहीत होते, कारण रमजानात मी सहरीला उठून तिच्याबरोबर जेवत असे आणि दुपारी वर्कशॉपमधून येणाऱ्या डब्याच्या भांड्यांत रोज उष्टे असे. डबा ती स्वतः घासत होती. नऊ वर्षे तिने कोणाला सांगितले नाही आणि दर रमजानात डबा भरून देणेही थांबवले नाही.

येत्या शुक्रवारी असरनंतर घरीच निकाह आहे. तिचा भाऊ आणि उस्ताद गवाह म्हणून बसतील. महर तिनेच ठरवला आहे: चांदीचे पैंजण, ४० ग्रॅमचे. उद्या गुजरीत (सराफ बाजारात) जाऊन आणणार आहे.